वाचकांचे प्रश्न : मच्छीमाराच्या होडीवर एक दिवस

प्रश्न : आम्ही चौघे शाळेपासूनचे मित्र, सगळे बडोद्यातच वाढलेले आणि आता साठीला आलेले. एकाची सासुरवाडी मालवणची आहे. तिथल्या ओळखीच्या एका मच्छीमाराने ‘एक दिवस माझ्या होडीवर गरवायला (म्हणजे गळाने मासे धरायला) चला’ असे आग्रहाने बोलावले आहे. आमच्यापैकी तिघांनी समुद्र आजवर किनाऱ्यावरूनच पाहिला आहे. चौथा मित्र गुजराती आणि पूर्ण शाकाहारी आहे, पण यायची सर्वांत जास्त हौस त्यालाच आहे. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आम्हा सर्वांना सवड आहे. तेव्हा जावे का, बरोबर काय न्यावे, आणि या वयात हे धाडस करावे की नाही, ते कृपया सांगावे.
— एक वाचक, दांडिया बाजार

उत्तर : जरूर जावे, पण मेच्या शेवटच्या आठवड्यात मुळीच जाऊ नये. पावसाचा पहिला थेंब पडण्याच्या बऱ्याच आधी समुद्र खवळू लागतो, कारण दूरवर उठलेल्या लाटा वाऱ्याच्या पुढे धावत किनाऱ्याला येऊन पोचतात. आकाश निरभ्र आणि पाणी मात्र उसळलेले, असा तो काळ असतो. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, आणि आपला मच्छीमार त्याच्या आधीचे दिवस जाळी आवरण्यात, होडी किनाऱ्यावर वर ओढून घेऊन झापांनी शाकारण्यात घालवत असतो. अशा वेळी पाहुणे आले तर तो नाही म्हणणार नाही, कारण कोकणात पाहुण्याला नाही म्हणणे जड जाते. पण त्याची मात्र अडचण होईल. बंदी उठल्यानंतर, नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करून झाला, तरी लहान होडीवर नवशिक्यांनी जाण्याइतका समुद्र लगेच शांत होत नाही. दिवाळीनंतर, साधारण कार्तिकापासून माघापर्यंतचे दिवस तुम्हाला उत्तम. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात अरबी समुद्रात चक्रीवादळेही येतात (२०१७ चे ओखी आणि २०१९ चे क्यार कोकणच्या किनाऱ्याला अजून आठवते), म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी हवामान खात्याने मच्छीमारांसाठी दिलेला इशारा पाहावाच.

थंडीच्या दिवसांचा आणखी एक फायदा आहे. रात्री जमीन पाण्यापेक्षा लवकर निवते, त्यामुळे पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. हा मतलई वारा. दुपारी जमीन तापली की उलट, समुद्राकडून जमिनीकडे खारा वारा सुटतो. आपण हे शाळेत पाचशे वेळा घोकले आणि विसरलो, पण शिडाच्या होड्यांचा सगळा संसार याच दोन वाऱ्यांवर चाललेला होता: मतलईवर बाहेर पडायचे आणि खाऱ्या वाऱ्यावर घरी परतायचे. आता होड्यांना इंजिने आली, तरी वेळापत्रक फारसे बदललेले नाही. पहाटेचे पाणी शांत असते आणि दुपारी दोननंतर लाटांवर पांढरे फेस दिसू लागतात. म्हणून ‘दिवसभर’ याचा अर्थ पहाटे पाच ते दुपारी बारा-एक असा धरावा आणि न्याहारी करून सावकाश नऊला निघण्याचा बेत करू नये.

तारीख मात्र तुम्ही ठरवू नका. पंचांगाला आणि तांडेलाला, म्हणजे होडीवरच्या प्रमुखाला, ठरवू द्या. कोकणात भरतीची वेळ काढण्याचा एक साधा हिशेब आहे. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणायचे, जे उत्तर येईल त्या तासाच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला भरती, आणि मध्ये दुपारी बाराला ओहोटी. पौर्णिमेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. वद्य प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून मोजायचे. भरती रोज पाऊण तासाहून किंचित अधिक पुढे सरकते, म्हणून हा हिशेब काही मिनिटे इकडेतिकडे होतो, पण घरात कालनिर्णय आणि पाऊणकी पाठ असेल तर त्याहून अधिक काही लागत नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते आणि पाण्याला ओढ फार असते. अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे पाणी कमी चढते आणि कमी उतरते. डोल जाळ्यासारख्या, प्रवाहाच्या जोरावर मासे गोळा करणाऱ्या जाळ्यांना उधाण हवे असते. तुम्हाला दोरीने गरवायचे आहे. उधाणाच्या ओढीत दोरी सरळ तळाशी न जाता तिरकी वाहत जाते आणि मासा लागला आहे की ती नुसती पाण्याची ओढ आहे, हे नवख्याला कळत नाही. तेव्हा भांगाचे तीन-चार दिवस मागून घ्या.

तीन-चार दिवस म्हणण्याचे कारण माझ्याच अनुभवात आहे. काही वर्षांपूर्वी मी आणि दोन मित्र परतीचे तिकीट काढूनच मालवणला गेलो होतो. एकच दिवस हाताशी होता. पहाटे किनाऱ्यावर पोचलो तर तांडेल वाळूत बसून जाळे विणत होता. त्याने एकदा उत्तरेकडे पाहिले आणि ‘आज जमाचा नाय’ एवढेच म्हणाला. आम्हाला समुद्र अगदी तलावासारखा वाटत होता. आम्ही तिकिटाची सबब सांगितली, थोडा आग्रहही केला, आणि तो काही न बोलता जाळ्याचे पुढचे घर विणू लागला. साडेनऊला उत्तरेचा वारा सुटला तेव्हा आम्ही किनाऱ्यावरच्या हॉटेलात चहा पीत होतो. पुढच्या वर्षी पाच दिवस काढून गेलो आणि तिसऱ्या दिवशी होडी निघाली.

आता होडीविषयी. बडोद्यात आपण समुद्रावरच्या प्रत्येकाला कोळी म्हणतो. मालवणकडचे बहुतेक मच्छीमार गाबीत आहेत, आणि तसे म्हटलेले त्यांना आवडते. तिथल्या पारंपरिक लहान होडीला एका बाजूला उलांडी असते, म्हणजे होडीला समांतर, आडव्या दांड्यांनी बांधलेले एक लांब लाकूड, ज्याच्यामुळे अरुंद होडी कलंडत नाही. उलांडीवर पाय ठेवून चढण्याचा मोह होतो. तसे करू नये. अलीकडे फायबरच्या, उलांडी नसलेल्या होड्याही पुष्कळ आहेत. कुठल्याही होडीवर चढताना चपला काढून हातात घ्याव्यात, आणि पुढच्या टोकावर, नाळेवर, पाय देऊन उभे राहू नये. नारळी पौर्णिमेला पूजा तिथेच होते. आत बसल्यावर जागा तांडेल देईल तीच. एकाला मासा लागला की चौघेही ‘बघू बघू’ करत एका कडेला धावतात, आणि लहान होडी उलटते ती बहुधा अशाच वेळी.

कागदपत्रांचा भाग कंटाळवाणा आहे, पण तो टाळता येत नाही. मासेमारी नौकेचा परवाना मासेमारीचा असतो, प्रवासी नेण्याचा नसतो. पैसे घेऊन प्रवासी नेणाऱ्या नौकांना महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाची परवानगी लागते. म्हणून तुमच्या यजमानाला आधीच मोकळेपणाने विचारा की पाहुणे नेण्यात त्याला काही अडचण येईल का, आणि तो घुटमळला तर गरवण्यासाठी नेणारी परवानाधारक पर्यटन नौका घ्या, त्यालाच बरोबर चला म्हणावे. होडीच्या बाजूला ‘आयएनडी एमएच’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक रंगवलेला असतो, तो पाहून घ्यावा. प्रत्येकाने मूळ आधार कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून जवळ ठेवावे, कारण समुद्रावर पोलिसांची गस्त असते. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातला समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. कुठे गळ टाकायचा आणि कुठे नाही, हे तांडेलाला ठाऊक असते, आपण ‘किल्ल्याजवळच थांबू ना’ असा हट्ट धरू नये.

जीवरक्षक जाकीट अंगात घातलेले हवे. बसायच्या फळीखाली ठेवलेले नव्हे. १८ जानेवारी २०२४ रोजी आपल्याच हरणीच्या तलावात सहलीला आलेल्या मुलांची नाव उलटली, हे ज्या शहराने पाहिले त्या शहरातल्या माणसांना याहून जास्त सांगण्याची गरज नसावी. मच्छीमार स्वतः जाकीट घालत नाही, काम करताना ते अडते असे तो म्हणतो, आणि त्याच्याकडे पाहून आपल्यालाही ते घालायची लाज वाटते. लाज बाजूला ठेवा. होडीवर चार जाकिटे नसतील तर मालवणच्या जलक्रीडेच्या दुकानातून भाड्याने घ्या. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक चौघांच्याही फोनमध्ये घालून ठेवा.

साठीचे विचारले आहे म्हणून आणखी एक गोष्ट, जी कोणी सांगत नाही. लहान होडीवर शौचकूप नसतो. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी तुमच्यापैकी कोणी सकाळी घेत असेल, तर त्या दिवशी ती केव्हा घ्यावी हे डॉक्टरांना आधी विचारून घ्यावे. आणि काठावर उभे राहण्याची वेळ आलीच तर एक हात होडीला आणि शेजारच्याचा हात आपल्या कंबरेला, असे असावे. यात हसण्यासारखे काही नाही, मात्र आम्ही हसलो होतो.

होडी लागणे ही दुसरी मोठी भीती. ज्याला घाटात गाडी लागते त्याला बहुधा होडीही लागते. उपाशी पोटी जाऊ नये आणि पोट भरूनही जाऊ नये. दोन भाकऱ्या किंवा कोरडी पोळी पुरे, चहा अर्धा कप. बसायला होडीचा मधला भाग घ्यावा, कारण तिथे हेलकावा सर्वांत कमी असतो, आणि इंजिनाच्या धुरापासून दूर राहावे. नजर क्षितिजावर ठेवावी. गळ बांधण्यासाठी खाली वाकून बारीक गाठ मारत बसले की दहा मिनिटांत तोंडाला पाणी सुटते. आल्याचा तुकडा किंवा आवळासुपारी काहींना उपयोगी पडते. गोळी घ्यायची असेल तर ती निघण्याच्या बरीच आधी घ्यावी लागते, मळमळ सुरू झाल्यावर तिचा उपयोग होत नाही. आमच्यातल्या एकाला होडी लागली तेव्हा तांडेलाने इंजिन बंद करण्याऐवजी चालू केले. होडी थांबलेली असते तेव्हाच ती जास्त डुलते, चालू लागली की हेलकावा बराच कमी होतो.

आता गरवणे. त्यासाठी काठी लागत नाही. लाकडाच्या किंवा प्लास्टिकच्या तुकड्यावर गुंडाळलेला तंगूस (नायलॉनची बारीक दोरी), त्याच्या टोकाला शिसे, शिशाच्या थोडे वर दोन-तीन गऱ्या (गळाचे आकडे), आणि आमिष म्हणून कोळंबी, माकूल (स्क्विड) किंवा बांगड्याचा तुकडा. तांडेल नांगर टाकून होडी एखाद्या खडकाळ जागेवर धरतो. ही जागा तो किनाऱ्यावरच्या खुणांवरून शोधतो: देवळाचा कळस अमुक झाडाच्या रेषेत आला, आणि दुसरीकडे डोंगराची खिंड उघडली, की खाली खडक. तंगूस सोडत जायचा. शिसे तळाला टेकले की तो एकदम ढिला पडतो, मग हातभर वर उचलून धरायचा. तो तर्जनीच्या पेरावर ठेवायचा, मुठीत नाही. मासा आमिष चाखतो तेव्हा बोटाला बारीक टिचक्या जाणवतात, आणि नवखा माणूस पहिल्याच टिचकीला झटका देऊन रिकामी गरी वर काढतो. मी सकाळच्या पहिल्या तासात अकरा वेळा तसे केले. टिचक्या थांबतात आणि दोरी सावकाश जड होते, तेव्हा हिसका द्यायचा असतो. तांडेलाच्या तर्जनीवर त्या पेरापाशी एक खोल, काळसर घळ पडलेली होती, पेन्सिलीची शिसकांडी तीत आडवी मावावी एवढी. आपले बोट तंगुसाने कापते, म्हणून तिथे सायकलच्या ट्यूबचा तुकडा नळीसारखा चढवून घ्यावा. हातमोज्याने टिचकी कळत नाही.

वर काय येईल सांगता येत नाही. तांबोशी, गोबरा, नशीब असेल तर दुसऱ्या, चालत्या दोरीला सुरमई. आणि शिंगाळा तर हमखास. शिंगाळ्याच्या पाठीवर एक आणि दोन्ही कल्ल्यांमागे एकेक असे तीन टणक काटे असतात, आणि त्यांचा दंश फार ठणकतो. पाकटाच्या शेपटीचा काटा त्याहून वाईट. हे मासे गरीवरून सोडवायचे काम तांडेलाचे, आपण हात लावू नये. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात ती जागा बुडवून ठेवल्याने वेदना कमी होतात, कारण ते विष उष्णतेने निकामी होते. म्हणून एका थर्मासमध्ये चहाऐवजी नुसते गरम पाणी न्या, आणि किनाऱ्यावर आल्यावर डॉक्टरांकडे जा. लहान पिल्ले परत सोडावीत: २०२३ मध्ये महाराष्ट्राने पन्नासहून अधिक जातींसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवून दिलेला आहे. त्याच वर्षी पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा झाला आणि घोळ गुजरातचा. म्हणजे तुमचे चौघांचे दोन्ही राज्यांशी नाते जोडलेलेच आहे, जरी या दोहोंपैकी एकही तुमच्या गरीला लागण्याची शक्यता थोडी असली तरी.

मासे कोणाचे, हे निघण्यापूर्वीच बोलून घ्यावे. होडीवर मिळकतीचे वाटे असतात, होडीचा एक, जाळ्याचा एक, खलाशांचे एकेक, आणि पाहुण्याचा वाटा त्यात कुठेही नसतो. तुम्ही बसलेल्या त्या सकाळी त्याची जाळी किनाऱ्यावर राहिली, डिझेल आणि बर्फ मात्र लागलेच. निमंत्रणाचे पैसे तो घेणार नाही. डिझेलचे द्यावेत, तेही होडी किनाऱ्याला लागल्यावर त्याच्या घरी, खलाशांसमोर नव्हे. मासे ‘जेवणापुरते’ मागावेत.

तुमच्या शाकाहारी मित्राने अवश्य यावे. गरवणे न करताही पाहण्यासारखे पुष्कळ असते, आणि बहुधा तोच आमच्यासारख्या हातघाईला आलेल्यांपेक्षा जास्त पाहील. त्याला त्रास होईल तो मेलेल्या माशांचा नाही, आमिषाच्या डब्याचा. माकुलाचा वास उन्हात फार चढतो. त्याला वाऱ्याच्या बाजूला बसवा.

प्रश्न : एवढ्या लांब कशाला जायचे? समुद्र तर जंबुसरच्या पलीकडेच आहे. कावी-कंबोईला असे गरवायला जाता येणार नाही का?
— एक वाचक, कारेलीबाग

उत्तर : नाही. खंभातचे आखात नरसाळ्यासारखे आत निमुळते होत जाते, त्यामुळे आत शिरणारे भरतीचे पाणी उंच चढते. भावनगरपाशी भरती-ओहोटीतले अंतर दहा मीटरांहूनही अधिक होते, आणि मालवणला ते जेमतेम दोन-अडीच मीटर असते. कंबोईचे स्तंभेश्वर महादेवाचे मंदिर रोज भरतीला पाण्याखाली जाते, ते तुम्ही पाहिलेच असेल. इतके पाणी सहा तासांत आत यायचे आणि पुढच्या सहा तासांत बाहेर जायचे, म्हणजे त्याला ओढ किती असेल! शिवाय मही, साबरमती, नर्मदा आणि तापी यांचा गाळ. पाणी चहासारखे, तळ चिखलाचा. होडी ओहोटीत सापडली तर कैक मैल चिखलात रुतून बसते. तिथले मच्छीमार वेगळ्या रीतीने मासे धरतात आणि ती रीत पाहुण्यांसाठी नाही. वर दिलेला तिथीचा हिशेबही आखातात लागू पडत नाही, कारण भरतीला आत पोचायला काही तास लागतात. नर्मदेचा पाला मासा खायचा असेल तर तो पावसाळ्यात भरूचच्या बाजारात शोधावा.

प्रश्न : मालवणहून मासे बडोद्यापर्यंत आणता येतील का? मागे आम्ही आणलेल्या बांगड्यांनी घरात सर्वांना अंगावर लाल चट्टे आले होते.
— एक वाचक, मांजलपूर

उत्तर : तुमचे बांगडे दिसायला चांगले असतील, वासही नसेल, पण वाटेत कुठेतरी त्यांचा बर्फ संपला असणार. बांगडा, तारली, कुपा, सुरमई अशा माशांच्या मांसात, ते उबेत राहिले की जिवाणू हिस्टॅमिन नावाचा पदार्थ तयार करतात, आणि तो शिजवल्याने किंवा तळल्याने जात नाही. चेहरा लाल होणे, चट्टे, डोके दुखणे, हे त्याचेच लक्षण. माशाची ॲलर्जी आहे असा गैरसमज करून लोक पुढे आयुष्यभर मासे सोडतात. श्वास घेताना त्रास झाला तर मात्र तर्क करत न बसता लगेच इस्पितळात जावे.

आणायचेच असतील तर मासा होडीवरच बर्फात गेलेला हवा, किनाऱ्यावर आल्यावर नव्हे. पोट आणि कल्ले काढून, धुऊन, पोटाच्या पोकळीतही बर्फ भरावा. माशाच्या वजनाइतका तरी बर्फ घ्यावा, आणि थर एक माशाचा, एक बर्फाचा असे लावावेत. थर्माकोलच्या खोक्यात तळाला उलटी ताटली ठेवली तर वितळलेले पाणी खाली साचते आणि मासा त्यात भिजत नाही. कुडाळहून वसईमार्गे थेट येणाऱ्या गाडीनेही रात्रभर आणि वर काही तास लागतातच, म्हणून वाटेत एकदा बर्फ भरण्याची सोय आधी पाहून ठेवावी. खोके बंद करून वरून चिकटपट्टी दोनदा फिरवावी, नाहीतर शेजारच्या बर्थवरचे जैन कुटुंब सुरतेपर्यंत तुमच्याशी बोलणार नाही. इतके करण्याची तयारी नसेल तर सोडे, म्हणजे सोलून सुकवलेली कोळंबी, आणा. पाव किलो सोडे पत्र्याच्या डब्यात बसतात आणि श्रावणापर्यंत टिकतात.